अक्कलदाढेचा ठणका आणि माउथवॉशच्या बाटलीची मागची बाजू

अक्कलदाढ दुखायला लागली की बहुतेकांची पहिली फेरी मेडिकलवर होते. त्यात गैर काही नाही. रात्री साडेदहाला दातांचा दवाखाना बंद असतो आणि कोपऱ्यावरचं मेडिकल उघडं असतं. तिथे दोन गोष्टी मागितल्या जातात: ‘दाढेची गोळी’ आणि ‘एखादं चांगलं माउथवॉश’. गोळीचं पुढे बघू. माउथवॉशच्या बाबतीत मात्र ‘चांगलं’ म्हणजे कशासाठी चांगलं, हे विचारल्याशिवाय बाटली घेण्यात अर्थ नाही. एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या निळ्या, हिरव्या, गुलाबी बाटल्यांची कामं अगदी वेगवेगळी असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांचा तुमच्या ठणक्याशी काडीचा संबंध नसतो.

नाशिकमध्ये दवाखाना चालवताना हे दुखणं घेऊन येणारी मंडळी मला साधारण ठाऊक झाली आहेत. धुळे, नंदुरबार, मालेगाव, कळवणकडून शिकायला आलेली, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या आसपास खोली करून राहणारी आणि मेसवर जेवणारी मुलंमुली. नाहीतर अंबड-सातपूरच्या कंपनीत नुकती लागलेली, रात्रपाळी करणारी पोरं. याला कारण वय आहे. अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात हिरडीबाहेर येऊ लागतात. त्यात परीक्षा, जागरण, ब्रश करायचा कंटाळा आणि घरापासून लांब असल्यामुळे ‘बघू, थांबेल आपोआप’ हा बाणा.

ठणका येतो कुठून

पूर्ण वाढलेल्या माणसाच्या तोंडात ३२ दात धरतात. त्यांतल्या शेवटच्या चार, म्हणजे चारही कोपऱ्यांतली प्रत्येकी एक, या अक्कलदाढा. काहींना चारही येतात, काहींना दोनच, आणि काहींच्या जबड्यात त्या तयारच होत नाहीत. त्या येतात तेव्हा बाकीच्या २८ दातांनी जागा आधीच अडवलेली असते. वरच्या जबड्यात तरी त्या बऱ्यापैकी निभावून नेतात. अडचण मुख्यतः खालच्या दाढांची. जागा न मिळाल्याने कुणाची पुढच्या दाढेवर कलते, कुणाची चक्क आडवी झोपते, तर कुणाची सरळ असूनही अर्ध्यातच अडकते.

पूर्ण हाडात गाडलेली दाढ बहुतेकदा गप्प असते. त्रास देते ती अर्धी वर आलेली. तिच्या वर हिरडीची एक पाळ राहते आणि पाळ व दाढ यांच्यामध्ये फट तयार होते. मिसळीवरचं फरसाण, चिवड्यातली डाळं, पेरूच्या बिया, भाकरीचा भुगा, असं काहीही या फटीत शिरतं आणि तिथेच कुजतं. आत हवा कमी, त्यामुळे हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं फावतं. पाळ सुजते. सुजलेल्या पाळीवर वरची दाढ प्रत्येक घासाला चावते, त्यामुळे ती आणखी सुजते. या दुखण्याला डॉक्टरी भाषेत पेरिकोरोनायटिस म्हणतात. चिठ्ठीवर हा शब्द दिसला तर घाबरू नका, वर सांगितलं तेच आहे.

रविवारची मिसळ खाल्ली आणि सोमवारी दाढ सुजली, की दोष तर्रीला जातो. तिखटाने सुजलेली जागा चुरचुरते हे खरं, पण सूज आणण्याचं काम फटीत बसलेला फरसाणाचा कण करतो. तर्री सोडून फरसाण चालू ठेवणाऱ्याला काही फरक पडत नाही.

आता कानाचं. या दुखण्यातले निम्मे लोक ‘कान दुखतोय’ म्हणून सुरुवात करतात. खालच्या दाढांची संवेदना आणि कानापुढच्या भागाची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांमधून मेंदूकडे जाते, त्यामुळे दाढेतली कळ कानात आहे असं वाटतं. गिळताना दुखतं, कारण सूज घशाच्या अगदी दारात असते. आणि तोंड उघडत नाही, कारण चावण्याचे स्नायू तिथेच मागे आहेत; सूज त्यांच्यापर्यंत गेली की ते आखडतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. निरोगी तोंडात साधारण जातात. दोनच गेली तर प्रकरण लांबवू नका, एकच गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती वारंवार चुकते. तोंड दोन-तीन दिवसांत आखडलं, सोबत ठणका आणि सूज आहे, तर संशय अक्कलदाढेवर. पण तोंड महिनोन्महिने हळूहळू कमी उघडू लागलं आहे, साधी तिखट भाजी खाल्ली तरी आग होते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि कडक लागते, आणि सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय आहे, तर दाढेचा काही संबंध नाही. तो सबम्युकस फायब्रोसिस नावाचा वेगळा आजार आहे आणि त्यातून पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तोंडं बघताना बंदी असल्याचं जाणवत नाही. अशा माणसाने माउथवॉश शोधत बसू नये.

आणखी एक गफलत किडीची. गार पाणी लागलं की झिणझिण्या, गरम चहाने कळ, रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो, आणि हिरडी मात्र सुजलेली नाही, असं असेल तर ती अक्कलदाढ किंवा तिच्या पुढची दाढ आतपर्यंत किडलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे माउथवॉश म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आजची रात्र काढायची आहे

पहिलं काम, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा. एक पेला कोमट पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ. तोंड दुखऱ्या बाजूला कलतं करून पाणी तिथे अर्धा मिनिट खळखळवायचं आणि सोडून द्यायचं. घशात गुळणी करायची नाही. दुखणं घशात नाही, गालाच्या मागे आहे. जेवणानंतर प्रत्येक वेळी आणि झोपताना. पाणी चटका बसेल इतकं गरम नको.

दुसरं, ब्रश. दुखतं म्हणून लोक नेमकी तीच बाजू सोडून ब्रश करतात आणि दोन दिवसांत सूज दुप्पट होते. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या, लहान मुलांचाही चालेल. तोंड अर्धवट मिटलेलं ठेवून तो मागे न्या. पूर्ण आ केला की गाल ताणला जातो आणि ब्रश मागे पोचत नाही. थोडं रक्त आलं तरी थांबू नका.

तिसरी गोळी. निरोगी मोठ्या माणसाला दाढेच्या सुजेच्या दुखण्यात आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, काही खाल्ल्यानंतर, चांगली लागू पडते, कारण ती दुखण्यासोबत सूजही उतरवते. पण अल्सर, किडनीचा विकार, गोळ्यांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करण्याची औषधं किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर ती स्वतःहून घ्यायची नाही. तिथे पॅरासिटॅमॉल बरं. आणि पावसाळ्यात आपल्या शहरात डेंग्यूची साथ चालू असताना अंगात ताप असेल, तर तो दाढेचाच आहे असं गृहीत धरून आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल एकत्र असलेली गोळी घेत असाल तर वेगळ्या पॅरासिटॅमॉलचा हिशेब ठेवा. सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरंच कमी.

आता मेडिकलवर पुडीत बांधून मिळणारी ‘दाढेची गोळी’. तिच्यात बरेचदा एक वेदनाशामक आणि एक अँटिबायोटिक असतं. ज्या औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, आणि अँटिबायोटिकांवर ती असते. नुसत्या स्थानिक सुजेला त्याची गरज नसते. फट स्वच्छ झाली की सूज उतरते. ताप आला, सूज गालावर पसरली, तोंड उघडेना, तर अँटिबायोटिक लागतं, पण ते कुठलं आणि किती दिवस हे तपासल्यावर ठरतं. दोन दिवस घेऊन बरं वाटलं की सोडणं म्हणजे आजचं मरण उद्यावर ढकलणं.

घरगुती उपायांपैकी लवंग खरी कामाची आहे. तिच्यातलं युजेनॉल जागा थोडी बधिर करतं. पण लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतलं की हिरडी भाजते; खोबरेल तेलात थेंबभर मिसळून कापसाच्या बोळ्यावर घ्या, किंवा सरळ एक लवंग दाढेजवळ धरून ठेवा. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा प्रकार मात्र बंद करा. पोटात गेली तरच तिचा उपयोग. हिरडीवर तिने पांढरा भाजल्याचा डाग पडतो आणि मूळ दुखण्यात नवीन जखमेची भर. तंबाखूची मशेरी दाबून ठेवणाऱ्या आजीबाई अजूनही येतात. त्यांना मी वाद घालून पटवू शकत नाही, पण तरुणांनी तरी तो नाद लावून घेऊ नये. बाहेरून गालाला गरम शेकही नको. शेकायचंच असेल तर रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं.

काही लक्षणं दिसली तर मात्र रात्र काढायची नाही. जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला घट्ट सूज आली, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, लाळ गिळता येत नाही, आवाज बदलला, श्वास घ्यायला त्रास होतोय, तर संसर्ग गळ्याच्या आतल्या पोकळ्यांत उतरतो आहे. दातांचा दवाखाना उघडण्याची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय वा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत हे सगळं जास्त वेगाने होतं.

माउथवॉश: पुढचं नाव सोडा, मागचं घटक वाचा

एक प्रसंग सांगतो, म्हणजे माउथवॉशची मर्यादा लक्षात येईल. सातपूरच्या कंपनीतला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, सोबत आई. “डॉक्टर, तीन दिवस झाले, निम्मी बाटली संपवली यानं,” असं म्हणत मावशींनी पर्समधून हिरवी बाटली काढून टेबलावर ठेवली. मुलाचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. बोथट, वाकवलेल्या सुईची सिरिंज सलाइनने भरून तिचं टोक हिरडीच्या पाळीखाली सरकवलं आणि हळू दाब दिला. आधी पिवळसर पाणी, मग भाकरीचा कुजलेला भुगा, आणि शेवटी जिऱ्याचा अख्खा दाणा बाहेर आला. वास असा की मुलानेच नाक मुरडलं. “बाटली तर इतक्यांदा वापरली!” मावशी म्हणाल्या. वापरली होतीच, पण सतरंजीवरून कितीही झाडू मारला तरी खालचा केर हलत नाही. चूळ भरलेलं पाणी पाळीच्या वरून जातं. फटीत ते फार खोल उतरत नाही.

मग माउथवॉश घ्यायचंच कशाला? दोन कारणं. तोंडातल्या एकूण जंतूंची संख्या खाली आणली की फट धुतल्यानंतर ती पुन्हा लवकर भरत नाही. आणि ब्रश नीट पोचत नाही त्या दिवसांत माउथवॉश थोडी भरपाई करतं. एवढ्या कामासाठी फळीवरच्या बाटल्यांत एकच खरी उपयोगाची आहे: जिच्या मागच्या बाजूला क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेट असं लिहिलंय ती. प्रमाण ०.२ टक्के किंवा ०.१२ टक्के. ०.२ असेल तर एका वेळी १० मिलिलिटर, ०.१२ असेल तर १५. औषधाची मात्रा जवळपास सारखीच होते, त्यामुळे ‘जास्त टक्के म्हणजे जास्त भारी’ या नादाला लागू नका.

या औषधाचं वैशिष्ट्य असं की ते थुंकल्यावरही हिरडी, दात, गाल यांना चिकटून राहतं आणि पुढे काही तास थोडं थोडं सुटत राहतं. म्हणूनच ते दिवसातून दोनदाच पुरतं. १९७० मध्ये हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने सहकाऱ्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांचं दात घासणं बंद करून त्यांना दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरायला लावल्या, तर दातांवर कीटण जवळपास साचलंच नाही. तेव्हापासून बाकीची माउथवॉश याच्याशीच तोलली जातात.

गुण आहे तसा त्रासही आहे. दोन आठवडे झाले की दातांवर तपकिरी डाग दिसू लागतात, आणि दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याला त्याआधीच. चव बदलते, वरण अळणी लागतं आणि घरच्यांशी उगाच वाद होतात. म्हणून ते सात दिवस, फार तर दोन आठवडे, आणि मग बंद. वर्षभर मोरीतल्या फळीवर ठेवून रोज वापरायची ही वस्तू नव्हे. क्वचित कुणाला याची तीव्र ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर लगेच थांबवून दवाखान्यात जा.

वापरण्याची एक खोच आहे, ती कुणी सांगत नाही. बऱ्याच टूथपेस्टमध्ये फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट असतो आणि तो क्लोरहेक्सिडिनला निकामी करतो. ब्रश केला आणि लागलीच माउथवॉश तोंडात घेतलं, तर पैसे बेसिनमध्ये गेले. ब्रश करून तोंड साध्या पाण्याने स्वच्छ धुवा, अर्धा तास जाऊ द्या, मग माउथवॉश अर्धा ते एक मिनिट खळखळवा. नंतर पाण्याने तोंड धुवायचं नाही, आणि पुढचा अर्धा तास चहा-खाणं नाही. सकाळी एवढा वेळ नसतो म्हणणाऱ्यांना मी दुपारी जेवणानंतरची आणि रात्री ब्रशनंतर अर्ध्या तासाची वेळ सांगतो. मिठाच्या पाण्याच्या चुळाही चालू ठेवायच्या, फक्त माउथवॉशनंतर लगेच नाही.

फळीवरच्या बाकी बाटल्यांचं थोडक्यात. सेटिलपिरिडिनियम क्लोराइड असलेली सौम्य जंतुनाशक, रोजच्या वापराला आणि तोंडाच्या वासाला ठीक. ऐन सुजेत तोकडी पडतात. थायमॉल, मेन्थॉल, निलगिरी अशी तेलं असलेली माउथवॉश हिरडीच्या रोजच्या देखभालीला बरी. हा घराणा जुना, लिस्टरिन १८७९ मधलं आहे आणि मुळात शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून जन्मलं. सोडियम फ्लोराइडवालं किडीपासून बचावासाठी. अक्कलदाढ पुढच्या दाढेला टेकून तिथे कीड पडू नये म्हणून दुखणं उतरल्यावर त्याचा उपयोग होतो, ठणक्यावर शून्य. पोटॅशियम नायट्रेट असलेलं गार-गरम लागण्यासाठी. बेंझिडामिनवालं जागा थोडी बधिर करतं, तोंड आल्यावर किंवा घसा दुखत असताना छान. अक्कलदाढेतही तासभर बरं वाटतं, पण जंतूंचं काम त्याच्यावर सोडू नका. पोव्हिडोन आयोडिनच्या गुळण्या घशासाठी प्रसिद्ध झाल्या. थायरॉइडचा त्रास, आयोडिनची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर टाळा, आणि जखमेवर लावायची बाटली तोंडात कधीच घेऊ नका. हायड्रोजन पेरॉक्साइडही स्वतःच्या अंदाजाने पातळ करून वापरू नका. चुकलं तर तोंड पोळतं.

अल्कोहोलबद्दल दोन वाक्यं जास्त, कारण आपण नाशिककर. काही जुन्या धाटणीच्या झणझणीत माउथवॉशमध्ये अल्कोहोल २० टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे गंगापूर धरणाकडच्या वायनरीत मिळणाऱ्या वाइनपेक्षा जास्त. जळजळ झाली म्हणजे औषध लागू पडलं, हा समज सोडा. सुजलेल्या हिरडीला अल्कोहोल फक्त झोंबतं आणि तोंड कोरडं पाडतं. त्यातून तुम्हाला मेट्रोनिडाझोल चालू असेल, आणि या दुखण्यात ते बरेचदा दिलं जातं, तर दारू टाळायला सांगतात. त्या दिवसांत अल्कोहोलवालं माउथवॉशही बाजूला ठेवा आणि शनिवार-रविवारची वाइनही. क्लोरहेक्सिडिनमध्येसुद्धा अल्कोहोलसह आणि अल्कोहोलशिवाय असे दोन्ही प्रकार मिळतात. बिनअल्कोहोलचं मागा.

‘हर्बल’ लिहिलेल्या बाटलीला माझा विरोध नाही, मात्र मागे घटकांची नावं आणि प्रमाण छापलेलं असलं पाहिजे. नुसतं पानाफुलांचं चित्र बघून घ्यायची असेल तर मिठाचं पाणी बरं, आणि ते फुकट.

काढायची की ठेवायची

ठणका उतरला की लोक यायचे बंद होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच सूज घेऊन पुन्हा हजर. फट जागच्या जागी असल्यावर दुसरं काय होणार? एकदा थोडंसं दुखलं म्हणून लगेच दाढ काढायलाच हवी असं नाही. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच स्पष्ट केलं होतं की त्रास न देणाऱ्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत; पाळीची सूज पहिल्यांदाच आणि साधी असेल तर तेवढ्यावरून काढायची गरज नाही, जोराची आली किंवा पुन्हा आली तर विचार करावा. माझा कलही असाच आहे. सरळ आलेली, वरच्या दाढेशी नीट चावणारी, ब्रश पोचणारी दाढ ठेवा. आडवी होऊन पुढची दाढ किडवणारी काढा, आणि ते पंचविशीच्या आत झालं तर बरं. वय वाढतं तसं हाड घट्ट होतं आणि जखम भरायला वेळ लागतो. कधी कधी खालच्या पाळीवर चावणारी वरची दाढ काढूनच निम्मं दुखणं जातं.

काढण्याआधी ओपीजी नावाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती मुळांना खेटून आहे का, हे त्यात दिसतं. खेटून असेल तर काढल्यावर ओठ-हनुवटीला मुंग्या येण्याची शक्यता असते, बहुधा तात्पुरती. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. दाढ काढल्याने नजर कमी होते का, हा प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक आजोबा विचारतात. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढून कुणाची नजर जात नाही.

खाजगी ओरल सर्जनचा खर्च झेपत नसेल तर पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिरचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. वेळ जास्त जातो, कारण शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात आणि मग त्यांचे शिक्षक; पण अडकलेल्या दाढेच्या बाबतीत दोन जणांनी बघणं वाईट नाही. सकाळी लवकर जा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःहून बंद करून जाऊ नका, फक्त सांगा.

दाढ काढल्यावर माउथवॉशचा नियम उलटा होतो. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, कशाचीच नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेचं पांघरूण. खळखळून चूळ भरली, जोरात थुंकलं, सिगारेट ओढली किंवा नारळपाणी स्ट्रॉने ओढलं तर ती निघून येते. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात घेऊन डोकं हळू कलतं करायचं आणि पाणी आपसूक सांडू द्यायचं. क्लोरहेक्सिडिन सांगितलं असेल तर तेही असंच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्याने घाबरू नका. पण उतरत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक उसळलं, कानापर्यंत कळ जाते आणि खड्ड्यात हाड उघडं दिसतंय, तर गुठळी निघून गेली आहे. हे खालच्या दाढांत जास्त होतं, सिगारेट ओढणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही. तिथे माउथवॉश बदलून काही होत नाही. दवाखान्यात खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवावी लागते, आणि ती ठेवली की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो.